मागे बसलेल्याचे चिलखत

सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास कवठे महांकाळहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाच-दहा मिनिटे उभे राहावे आणि मोटारसायकली नुसत्या पाहाव्यात. कुणी दवाखान्याला निघालेले असते, कुणी सांगलीच्या कोर्टात तारीख असते म्हणून, कुणी बहिणीकडे, कुणी नोकरीला. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असलेच तर असते. नाहीतर ते आरशाला किंवा कोपराला अडकवलेले असते. मागे घरातली बाई, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेली. अंगावर बुरखा किंवा साडी, पायात चप्पल, मांडीवर तान्हे मूल. टाकीवर दुसरे मूल, वाऱ्याला तोंड करून. अख्खे घर एका गाडीवर आणि अख्ख्या घरात एकच हेल्मेट! तेही पुढे पोलीस उभे असतील म्हणून घेतलेले.

दुसरीकडे आमच्या वर्गातली मोठी मुले मोबाइलवर लडाखला जाणाऱ्या रायडरांचे व्हिडिओ पाहतात. त्या रायडरांच्या अंगावर खांद्याला, कोपराला, पाठीला, गुडघ्याला पॅड बसवलेले जाड कपडे असतात, हातात मोजे, पायात घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. मुलाने घरी असल्या जॅकेटचा विषय काढला की उत्तर ठरलेले असते, "लढाईला चाललाय का?"

या महिन्याच्या पानावर आम्हाला त्याच प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. गाडीवरून पडण्याचा धोका लडाखच्या रस्त्यावर असतो तसा मिरजेच्या रस्त्यावरही असतो. लडाखला माणूस आयुष्यात एकदा जातो, मिरजेला महिन्यातून चार वेळा. म्हणून अंगाला संरक्षण देणाऱ्या कपड्यांची गरज आधी आपल्याला आहे. आणि आपल्यातही पहिला हक्क त्यांचा आहे, ज्यांचा या चर्चेत कोणी विचारच करत नाही, म्हणजे मागे बसलेल्या माणसांचा.

रस्ता बदलला, कपडे तेच राहिले

आपल्या गावावरून जाणारा रत्नागिरी-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक १६६, आता चौपदरी झाला आहे. जुन्या रस्त्यावर खड्डेच वेग आवरायचे. आता तीच गाडी, तोच माणूस, तेच कपडे; पण काटा सहज सत्तर-ऐंशीवर जातो. त्यात आपल्या भागाच्या अडचणी वेगळ्या. गाळप हंगामात रात्रीच्या वेळी मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. द्राक्षांच्या दिवसांत पहाटे बागेत निघालेले मजूर, एका गाडीवर तिघे. दुभाजकाचे तोंड लांब पडते म्हणून उलट्या बाजूने येणारे आपलेच शेजारी. रस्ता चांगला झाला याचा आनंद सर्वांना आहे, पण चांगल्या रस्त्यावरचा अपघात वाईट असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत हेल्मेट नसलेले दुचाकीवरचे ५०,०२९ जण होते. हा आकडा अहवालात दोन भागांत दिलेला आहे. त्यापैकी ३५,६९२ जण गाडी चालवत होते. उरलेले १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणजे रोजचे जवळपास ३९. गाडी कोणत्या वेगाने न्यायची, कुठे ओव्हरटेक करायचे, यातले काहीही या लोकांच्या हातात नव्हते. ते फक्त विश्वासाने मागे बसले होते.

पडणे म्हणजे नेमके काय

दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. त्यातले सूत्र लावून पाहा. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. दीड मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर असतो. म्हणजे गाडी थांबलेली असताना नुसती कलंडली आणि डोके आधी आपटले, तरी ते एवढ्या वेगाने दगडावर आपटते. "इथेच तर जायचंय, वेगात कुठे जातोय" या वाक्याचा हिशेब इथेच चुकतो.

पडल्यानंतरचा दुसरा भाग घसरण्याचा. ताशी ६० किलोमीटरवर गाडी सुटली, तर माणूस डांबरावरून साधारण २० ते २२ मीटर घसरत जातो. आपल्या शाळेची एक वर्गखोली सात मीटरची धरली तर तीन वर्गखोल्या. हा प्रवास अडीच-तीन सेकंदांचा असतो. डांबर म्हणजे पॉलिश पेपरच. सुती कुर्ता किंवा पातळ पँट या घासण्यापुढे लगेच फाटते. साधी जीन्सही फार तर सेकंदभर टिकते. त्यापुढची घासण कातडी सोसते, मग मांस, मग हाड. पॉलिस्टरच्या कपड्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो घासून तापतो, वितळतो आणि जखमेत चिकटतो. आपल्याकडचे बहुतेक बुरखे, ओढण्या आणि मुलांचे ट्रॅकसूट पॉलिस्टरचेच असतात, हे लक्षात ठेवावे.

म्हणून संरक्षक कपड्याला दोन कामे करावी लागतात. आपटण्याचा मार शोषून घेणे हे पॅडचे काम. घसरताना न फाटणे हे वरच्या कापडाचे काम. एक असून दुसरे नसेल तर उपयोग अर्धाच.

आधी डोके

हेल्मेटच्या संशोधनामागे एक गोष्ट आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. पहिल्या महायुद्धात अरबांना उस्मानी सल्तनतीविरुद्ध उभे करणारा हा इंग्रज अधिकारी. मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये आपल्या घराजवळ तो मोटारसायकलवरून येत होता. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला गेला आणि फेकला गेला. डोक्याला मार लागला, सहा दिवस बेशुद्ध राहून तो वारला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. मोटारसायकलवरची तरुण माणसे अशी का जातात, हा विषय त्यांनी हाती घेतला. १९४१ साली त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांवर निबंध प्रसिद्ध करून हेल्मेटने जीव वाचतात हे दाखवले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने कामावरच्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढच्या काळात जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले.

आपल्याकडे कायदा १९८८ पासून आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ सांगते की दुचाकी चालवणाऱ्याने तसेच तिच्यावर बसलेल्यानेही, वय चार वर्षांपेक्षा जास्त असेल तर, मानकाप्रमाणे असलेले हेल्मेट घालावे. सूट आहे ती पगडी बांधलेल्या शीख बांधवांना. जुम्याच्या नमाजाला निघताना घातलेल्या आपल्या टोपीला ती सूट नाही, आणि दोऱ्याने विणलेल्या टोपीत डोके वाचवण्याची ताकदही नाही. टोपी खिशात ठेवावी, हेल्मेट डोक्यावर. मशिदीच्या दारात अदलाबदल करायला अर्धा मिनिट लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाबरोबर तीन महिने लायसन्स निलंबित करण्याची तरतूदही आली.

तरी आपला महाराष्ट्र हेल्मेटशी भांडत राहिला. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्तीची कारवाई सुरू केली, तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. मान दुखते, घाम येतो, केस जातात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, शहरात वेगच कुठे असतो, हीच कारणे तेव्हा दिली गेली. आपल्या गावातही हीच कारणे ऐकू येतात. यातली बरीचशी खरी अडचण मापाची असते. ढिले हेल्मेट हलते म्हणून मान अवघडते, आणि कोंदट हेल्मेटमध्ये हवा जायला जागाच नसते.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. आयएसआयचा शिक्का आणि त्यासोबत आयएस ४१५१ हा क्रमांक. १ जून २०२१ पासून या शिक्क्याशिवाय हेल्मेट बनवायला आणि विकायलाही बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला खोटे शिक्के मिळतात, म्हणून ओळखीच्या दुकानातून पावती घेऊनच घ्यावे. दुसरे, कान आणि हनुवटी झाकणारे असावे. वाटीसारख्या अर्ध्या टोपीने जबडा वाचत नाही. तिसरे, घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि डोके हलवले तर हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे. चौथे, पट्टा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच उडून जाते, मग ते घातले काय नि न घातले काय. हेल्मेटच्या आत जाड थर्माकोलसारखा थर असतो. तो स्वतः चेंगरून डोक्याचा मार घेतो आणि एकदा चेंगरला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून चकचकीत दिसत असले तरी बदलायचे.

मग हात, पाय, पाठ

माणूस पडताना हात पुढे टाकतो. हे शिकवावे लागत नाही, तान्हे मूलही तसेच करते. म्हणून तळहात आणि मनगट सर्वांत आधी जमिनीला लागतात. तळहाताची कातडी सोलून निघालेला माणूस महिनाभर वजूही नीट करू शकत नाही, घास तोंडात घालायला दुसऱ्याचा हात लागतो. शिवणकाम करणारा, गवंडी, मेकॅनिक, द्राक्षाच्या बागेत छाटणी करणारा, या सर्वांचा रिज्क त्या तळहातात आहे.

ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोटारसायकलसाठीचे हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ येण्याचा धोका न घातलेल्यांपेक्षा निम्म्याहून कमी होता. खास पँट घातलेल्यांचा जवळपास निम्मा आणि जॅकेट घातलेल्यांचा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. पायात मोटारसायकलचे खास बूट नसले आणि नुसते साधे भक्कम बूट असले, तरी हलक्या बुटांच्या तुलनेत पाऊल-घोट्याच्या दुखापतीचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. तिथे तुलना बुटांशी होती. आपल्याकडे तर चप्पल असते.

त्याच अभ्यासात दुसरी बाजूही दिसली. अपघातात दहापैकी जवळपास तीन जॅकेटे फाटली किंवा निकामी झाली. म्हणजे 'रायडिंग जॅकेट' असे नुसते नाव पुरत नाही, आतली चिठ्ठी वाचावी लागते. पॅडवर ईएन १६२१ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि १ किंवा २ अशी पातळी छापलेली असते. चाचणीत पॅडवर पाच किलोचे वजन साधारण एक मीटरवरून पडावे इतका मार देतात आणि पलीकडे किती बल पोहोचते ते मोजतात. खांदा, कोपर, गुडघ्याच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत पोहोचले तर पहिली पातळी, २० च्या आत राहिले तर दुसरी. पूर्ण जॅकेटसाठी ईएन १७०९२ हे मानक आहे. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए असे चढते दर्जे आहेत. पाठीच्या खिशात पुष्कळदा नुसता स्पंजचा तुकडा घालून विकतात. तो काढून बघावा, त्यावर मानकाचा क्रमांक नसेल तर ते पॅड नव्हे, भरती आहे.

आता पैशाचे. चांगले जॅकेट पाच-सहा हजारांपासून पुढे जाते. साध्या घराला ही रक्कम मोठी आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून सगळे एकदम घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. एक क्रम ठरवावा. पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक बसणाऱ्याच्या डोक्याला मापाचे हेल्मेट. मग चप्पल सोडून पाय झाकणारे बूट. मुलांचे शाळेचे काळे बूटही चालतात. मग हातमोजे, तळहाताला जाड कातडे असलेले. त्यानंतर कपड्यांवरून बांधायचे गुडघ्या-कोपराचे पॅड. जॅकेट शेवटी, आणि तेही आधी त्याला, जो रोज पन्नास किलोमीटर गाडी चालवतो. दूध घालणारा, फेरीवाला, घरपोच सामान देणारा मुलगा. गवंड्याला थापी तसे त्याला जॅकेट. ते त्याच्या धंद्याचे हत्यार आहे.

आणि एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. हे कपडे ताकदीबाहेरचे काम करत नाहीत. ते कातडी सोलण्यापासून वाचवतात, मुका मार कमी करतात, डोक्याला संधी देतात. ट्रकखाली आलेल्या माणसाला कोणतेही जॅकेट वाचवत नाही. म्हणून जॅकेट घालून वेग वाढवणारा मुलगा आणि जॅकेट न घालणारा मुलगा, दोघांचीही काळजी घराला सारखीच असावी.

ऊन आहे म्हणून

आपल्या दुष्काळी पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. त्या उन्हात जाड जॅकेट सांगणे म्हणजे चेष्टाच, असे कुणालाही वाटेल. त्यासाठी जाळीदार जॅकेटे मिळतात. घासणाऱ्या जागांना जाड कापड आणि बाकी ठिकाणी जाळी, म्हणजे चालत्या गाडीवर हवा आरपार जाते. थांबलात की मात्र उकडते, हेही खरे. आपले शेतकरी भर उन्हात औषध फवारताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तोंडाला फडके बांधतात, कारण औषध अंगावर पडले तर काय होते हे त्यांनी पाहिलेले असते. उन्हाचा त्रास तेव्हाही असतो. धोका डोळ्यांना दिसला की माणूस उकाडा सोसतो. रस्त्याचा धोका पडेपर्यंत दिसत नाही, एवढाच फरक.

आतून पातळ सुती बनियन, सोबत पाणी, आणि होता होईल तो प्रवास सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर. रोज्याच्या दिवसांत दुपारनंतर थकवा आणि तहान यांनी लक्ष उडते. इफ्तार गाठायच्या घाईत वेग वाढतो. तेव्हा वाटेत थांबून खजूर-पाण्यावर रोजा सोडावा, घर पुढे पंधरा मिनिटांनी भेटतेच.

आता मागे बसणारीबद्दल

आमच्या शाळेतल्या काही पालक-मातांना विचारले, तर उत्तर एकच मिळाले, "ओढणीवर हेल्मेट बसत नाही." ही अडचण खरी आहे आणि तिला उपायही आहे. केसांचा अंबाडा वर बांधला की हेल्मेट वर उचलले जाते. म्हणून वेणी किंवा मानेजवळ सैल गाठ. डोक्याला पातळ सुती टोपी किंवा एक घडीचा गुळगुळीत स्कार्फ, त्याला डोक्यावर पिना नकोत, कारण मार बसला तर पिना रुततात. त्यावर हेल्मेट. आणि मुख्य म्हणजे दुकानात जाताना हाच स्कार्फ बांधून जावे आणि त्यावर माप बघावे. नवऱ्याने अंदाजाने आणलेले हेल्मेट बाईच्या डोक्यावर गरागरा फिरते, मग ती ते घालत नाही आणि दोष तिलाच येतो.

दुसरा धोका मागच्या चाकाचा. ओढणीचे, नकाबाचे किंवा बुरख्याचे टोक चेनमध्ये किंवा चाकाच्या तारांत अडकले की एका क्षणात गळ्याला फास बसतो किंवा बाई खेचून खाली पडते. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागचे चाक किमान निम्मे झाकणारी जाळी गाडीला असलीच पाहिजे. तिलाच आपण साडीगार्ड म्हणतो. तरणी मुले गाडी घेतल्याबरोबर 'बरे दिसत नाही' म्हणून ते काढून टाकतात. आयांनी ते परत बसवायला लावावे. ज्या गाडीवर आई किंवा बहीण बसणार, तिचे साडीगार्ड काढणे म्हणजे शोभेसाठी त्यांचा गळा धोक्यात घालणे होय.

निघण्यापूर्वी ओढणीची दोन्ही टोके गळ्याभोवती न गुंडाळता आत खोचावीत, बुरख्याचा घेर गोळा करून अंगाखाली घ्यावा. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे तोल राखायला सोपे असते. पुढून उघडणारा बुरखा आणि आत सलवार असेल तर झाकलेलेपण राखूनही तसे बसता येते. ज्यांना ते नको वाटते त्यांनी निदान पाय पायटणीवर घट्ट टेकवावेत, कडी धरावी आणि चालवणाऱ्याला स्पष्ट सांगावे की हळू चालव. मागे बसणारीचा तो हक्क आहे, आणि चालवणाऱ्याने त्याचा राग मानू नये.

लहान मुलांचे तर फारच दुर्लक्ष होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम काढला आणि तो एका वर्षाने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत. टाकीवर बसवलेले मूल हे ब्रेक लागताच हँडलवर आपटणारे पहिले डोके असते. आणि नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढे छोटे हेल्मेट पेलतही नाही. त्याला एसटीने, रिक्षाने, वडापने न्यावे. वीस-तीस रुपये वाचवायला बाळाला गाडीवर नेऊ नये.

जे व्हायचे ते होणारच?

घरात हा विषय निघाला की वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणते, "मौत लिखी है तो हेल्मेट क्या करेगा?" हे म्हणणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल आम्हाला आदर आहे. पण तवक्कुलचा अर्थ हा नव्हे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे विचारणाऱ्याला पैगंबर (स.) यांनी आधी बांध आणि मग भरवसा ठेव असे सांगितले, ही हदीस आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. उहुदच्या लढाईत त्यांच्या अंगावर एकावर एक दोन चिलखते होती, असे हदीसमध्ये येते. मक्का-विजयाच्या दिवशी ते शहरात शिरले तेव्हा डोक्यावर शिरस्त्राण होते. अल्लाहवर त्यांच्यापेक्षा जास्त भरवसा कोणाचा असणार?

आणि हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांचा उल्लेख तर कुरआनमध्येच आहे. लोखंड त्यांच्या हाती मऊ केले गेले आणि चिलखते बनवायची विद्या दिली गेली. सूरह सबामध्ये पूर्ण अंग झाकणारी चिलखते बनवावीत आणि कड्यांचे माप नीट राखावे, असा आदेश येतो. मापाचा तो उल्लेख आम्हाला फार मोलाचा वाटतो. कडी मोठी झाली तर बाण आत शिरतो, लहान झाली तर अंग वळत नाही. आजचा पॅड कोपरावरून सरकून दंडावर गेला किंवा हेल्मेट डोक्यावर फिरू लागले, तर गोष्ट तीच. अंगाचे संरक्षण मापात असले तरच ते संरक्षण. आणि माप प्रत्येकाचे वेगळे असते. नवऱ्याचे वेगळे, बायकोचे वेगळे, मुलाचे वेगळे.

पुढच्या खरेदीला

नवी गाडी घेताना गाडीबरोबर मानकाचे हेल्मेट देणे हे कंपनीवर नियमानेच बंधनकारक आहे. शोरूममध्ये ते मागून घ्यावे, आणि दुसरे तिथेच विकत घ्यावे. लग्नात जावयाला गाडी देण्याची पद्धत चांगली की वाईट, हा वेगळा विषय आहे आणि त्याबद्दलचे आमचे मत वाचकांना माहीत आहे. पण कुणी ती देणारच असेल, तर गाडीच्या चावीबरोबर दोन हेल्मेट द्यावीत आणि त्यातले दुसरे मुलीला दुकानात नेऊन तिच्या डोक्याच्या मापाने घ्यावे. साडीगार्ड निघणार नाही, हेही त्याच वेळी जावयाकडून हसत हसत कबूल करून घ्यावे.

अपघात दिसला तर थांबावे, १०८ ला फोन लावावा. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या चकरांत अडकवू नये यासाठी कायद्यात २०१९ पासून संरक्षण आहे. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, कारण मानेला इजा झालेली असू शकते. श्वास कोंडला नसेल तर काच वर करावी, पट्टा सैल करावा आणि ॲम्ब्युलन्सची वाट पाहावी.

ईद जवळ आली की आपल्या घरांत कपड्यांची यादी होते. यंदा त्या यादीत शेवटी एक ओळ वाढवावी: घरातल्या गाडीवर कोण कोण बसते, आणि त्यातल्या किती जणांच्या मापाचे हेल्मेट घरात आहे. जितकी डोकी कमी पडतील तितकी हेल्मेटे आधी घ्यावीत. तिसरा जोड पुढच्या ईदलाही शिवता येईल.